मागच्या ओळीलाही दिसावं म्हणून

नव्या शाळेत दुसरीत घेण्याआधी माझ्या लेकीचं वाचन तपासायचं होतं. मी दाराजवळच्या बाकावर बसले होते. ती एक पान वाचायची, मग पुस्तक फिरवून समोरच्या बाईंना चित्र दाखवायची, डावीकडून उजवीकडे, सावकाश. जुन्या शाळेतल्या बाई तसंच वाचायच्या, मागच्या ओळीतल्या मुलांनाही दिसावं म्हणून.

"मला दिसलं गं, वाच पुढे," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

वाचणं म्हणजे अक्षरं ओळखणं, असं मी आजवर धरून चालले होते. हिच्या लेखी मात्र कुणाचं चित्र बघायचं राहिलं असेल, तर पान उलटायचंच नसतं.

"छान वाचते, पण वेग कमी पडतो," बाई मला म्हणाल्या.

लेकीने अजून पुस्तक मिटलं नव्हतं. शेवटचं पान माझ्याकडे वळवून ती थांबली होती.