सावडीतला माणूस

उस्मानपुऱ्यातल्या सुखशांती अपार्टमेंटमध्ये कुणाला गाडी मागं घ्यायची असली की त्रिंबक वॉचमन शिट्टी वाजवत नाही. तो गाडीच्या अंगाला उभा राहतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "हां, हां... ये मागं... अजून थोडं... बास, बास." गाडी दोन खांबांच्या मधोमध नीट लागली की बॉनेटवर दोन थापा मारतो. बैलाला जुवाखाली घेताना माणूस जे करतो तेच तो करतो. त्याला दुसरी रीत ठाऊक नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर साहेबांना पहिल्या दिवशी या थापांचा राग आला होता, कारण गाडी नवी होती आणि तिला त्यांनी बायकोलाही टेकू दिलं नव्हतं. पुढं मात्र थाप पडल्याशिवाय गाडी लागल्यासारखं त्यांनाच वाटेना. एकदा त्रिंबक पाणी प्यायला गेला होता, तर साहेब इंजिन चालू ठेवून आत बसून राहिले.

एजन्सीनं दिलेला युनिफॉर्म आधीच्या वॉचमनच्या मापाचा होता, आणि आधीच्या वॉचमनमध्ये दोन त्रिंबक सहज मावले असते. पँट पट्ट्यानं थांबेना म्हणून आतून सुतळी. हा पोशाख घालून तो पहिल्यांदा खोलीच्या दारात उभा राहिला तेव्हा बायकोनं, सारजाबाईनं, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं दिसतंय. पाखरं यायची नाय आता बिल्डिंगीत."

ती हसली म्हणून त्रिंबकही हसला. तिला हसताना बघून बरेच दिवस झाले होते.

त्रिंबक पिशोरचा. थोडं वावर, एक विहीर, बैलजोडी, गाय आणि सारजाबाईच्या लाडाच्या चार शेळ्या, असा त्याचा बारदाना होता. सारजाबाईच्या पायांवर सूज यायला लागली तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. दिवसभर वावरात उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय सुजायचेच. मग तोंडावर सूज आली, तर तीच म्हणाली की बरं झालं, जरा भरल्यासारखी दिसते. पिशोरच्या डॉक्टरनं कन्नडला पाठवलं, कन्नडच्यानं संभाजीनगरला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात कळलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत आणि आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवून घ्यावं लागेल. किती दिवस, असं त्रिंबकनं विचारलं. डॉक्टर तरुण होता आणि भला होता. त्यानं त्रिंबकच्या खांद्यावर हात ठेवला.

मशीनचा खर्च सरकारी योजनेत भागत होता, पण औषधांचा, इंजेक्शनांचा आणि येण्याजाण्याचा भागत नव्हता. जाताना सारजाबाई एसटीच्या खिडकीशी बसायची, येताना त्रिंबकच्या मांडीवर डोकं टाकून पडायची. निम्मा आठवडा असा जायचा आणि उरलेल्या निम्म्यात वावर त्यांची वाट बघत तणानं भरायचं. आधी शेळ्या गेल्या, मग गाय, मग बैल. बैलांच्या वेळी त्रिंबक बाजाराला गेलाच नाही. बांधाला बांध असलेल्या बद्रीनाथाला पाठवलं आणि आपण दिवसभर विहिरीतला गाळ काढत बसला. शेवटी संभाजीनगरातच, उस्मानपुऱ्यात, पत्र्याची एक खोली बघितली. शहरात कॉलेजात शिकणारी लेक प्रांजली होस्टेल सोडून आईजवळ राहायला आली. जिनं जन्मभर विहिरीवरून भरल्या घागरी वाहिल्या, तिला आता दिवसाचं पाणी पेल्यानं मोजून द्यायचं काम प्रांजलीकडं आलं.

हे सगळं थोड्या दिवसांसाठी, असं त्रिंबक ज्याला त्याला सांगायचा. गावाकडच्या घराला कुलूपही त्यानं जुनंच लावलं. नवं घेतलं असतं तर बरेच दिवस चाललोय असं वाटलं असतं, आणि ते त्याला कुलपालाही कळू द्यायचं नव्हतं.

जमीन दुसऱ्याला बटईनं द्यायलाही तो तयार नव्हता. बटईनं द्यायची म्हणजे कसणार दुसरा, निम्मं पीक त्याचं, आणि आपण शहरात बसून निम्म्याची वाट बघायची. अशी जमीन दिलेली माणसं त्यानं पाहिली होती. ती गावात लग्नाकार्याला येत, चहा पीत, परत जात. त्रिंबकला तसलं व्हायचं नव्हतं. मग बद्रीनाथच म्हणाला, कशाला देतो कुणाला, सावडीत करू की.

सावड म्हणजे पाच-सहा घरांनी मिळून एकमेकांची शेती उरकायची. आज सगळे तुमच्या वावरात, उद्या सगळे आमच्या. कुणी कुणाला पैसा द्यायचा नाही. तुम्ही माझ्याकडं एक दिवस राबलात की मी तुमच्याकडं एक दिवस राबायचं. दिवसाला दिवस, अंगाला अंग. बद्रीनाथ, त्याची बायको रत्नमाला, फकिरा, म्हातारा कडुबा आणि दोन-तीन घरं. यांत त्रिंबक न कळत्या वयापासून होता.

तर त्या साली मृगात सावडीनं आधी त्रिंबकचा मका पेरला. मग निंदला. फोन यायचा, त्रिंबका, तुझं झालं, आता परवा माझ्यात ये. त्रिंबक हो म्हणायचा, आणि हो म्हणताना तो मनापासूनच म्हणायचा. पण परवाच्या दिवशी सारजाबाईचं मशीन असायचं. मशीन नसलं तर एजन्सीचा सुपरवायझर म्हणायचा, बदली माणूस आण आणि जा. एकदा सगळं जुळून आलं होतं, पिशवीसुद्धा भरली होती, तर पहाटे तिला धाप लागली. बद्रीनाथ प्रत्येक वेळी म्हणायचा, "राहू दे रे, वैनीला बघ." तो हे इतकं चांगलं म्हणायचा की त्रिंबकला त्याच्या शिव्या परवडल्या असत्या.

दसऱ्यानंतर तर कहर झाला. आभाळ आलं म्हणून त्यांनी आपलं राखून आधी त्रिंबकचा मका सोंगला, म्हणजे विळ्यानं कापून आडोशाला टाकला. त्याचा भिजला नाही. बद्रीनाथाचा अर्धा भिजला.

त्या दिवशी त्रिंबक ड्यूटीवरून आला तो जेवलाच नाही. प्रांजलीनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की उद्या बद्रीनाथाच्या वावरात सोंगणी आहे आणि सुट्टी नाही. प्रांजली शिकलेली, हुशार मुलगी. तिला हा प्रश्न एवढा अवघड का, तेच कळेना. ती म्हणाली, "अप्पा, गावातला एखादा रोजदार आपल्या बदली पाठवा ना. पैसे मी फोनवरून टाकते. त्यांना माणूस मिळाल्याशी काम."

आजवर वावरातलं कुठलंच काम असं बसल्या जागेवरून झालेलं त्रिंबकनं पाहिलं नव्हतं. त्याला ते एकदम सुटल्यासारखं वाटलं. बोटाच्या एका टिचकीत पैसे गेले आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

रोजदार सकाळी बद्रीनाथाच्या बांधावर हजर झाला. त्रिंबकरावांनी पाठवलंय, त्यांच्याकडून रोज मिळालाय, असं त्यानं सांगितलं. बद्रीनाथानं त्याला बसवलं, चहा दिला, भाकरी खाऊ घातली आणि कामाला न लावता माघारी पाठवलं. त्रिंबकला त्यानं फोन केला नाही. हे सगळं कळलं ते रत्नमालेनं सारजाबाईला फोन केला तेव्हा, आणि तेही बोलण्याच्या ओघात, तब्येतीची चौकशी झाल्यावर.

सारजाबाई मशीनवरून आली की दिवसभर बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"माझी मयत झाल्यावर खांदा द्यायलाबी रोजानं माणसं सांगणार का तुमी?"

प्रांजली म्हणाली की आई, कल्पना माझी होती. त्यावर सारजाबाई म्हणाली की तुझी असू दे, तू लेकरू आहेस. ह्यांचे सावडीत केस पिकले.

दुसऱ्या दिवशी त्रिंबकनं रात्रपाळीच्या वॉचमनला, कमरोद्दीनला गाठलं. कमरोद्दीन छावणीत राहायचा. साठीचा, दाढी मेंदीनं रंगवलेला, आणि एका खुर्चीत बसल्या बसल्या अख्ख्या उस्मानपुऱ्याची खबर ठेवणारा माणूस. त्रिंबकनं अडखळत सांगायला सुरुवात केली, तर तो मधेच म्हणाला, "जाव ना त्रिंबकभाऊ. मैं बैठता दिनकूबी. घरमें बैठके क्या करता, घरवाली आबेदा भाजी निसायला बसवती." त्रिंबक म्हणाला, तुमचा दिवस मी फेडीन. कमरोद्दीन म्हणाला की फेडा, पण पोहे खाऊ घालून फेडा, रात्रपाळी करून नको; मला रात्री घरात झोप येत नाही.

पहिल्या एसटीनं त्रिंबक पिशोरला उतरला. बद्रीनाथाचा नदीकडचा तुकडा सोंगायचा राहिला होता. माणसं वावरात उतरलेलीच होती. त्याला बघून सगळ्यांना आनंद झाला, यात खोट नव्हती. फकिरा म्हणाला, "साहेब, सावलीला खुर्ची टाकू का?" सगळे हसले. त्रिंबक तर सगळ्यांहून मोठ्यानं हसला. थट्टेनं त्याच्या जिवात जीव आला. परक्याची कुणी थट्टा करत नाही.

त्यानं विळा घेतला आणि पात धरली. पात म्हणजे सोंगत जायचा आपापला पट्टा. सगळे एका ओळीत उभे राहतात आणि एकदमच पुढं सरकतात. पहिला काही वेळ त्रिंबक जोरात निघाला. मग कमर बोलू लागली. मग हाताला फोड आला, तो फुटला, आणि विळ्याची मूठ चिकट झाली. काही महिने खुर्चीवर बसलेलं अंग. ते वाकायला तयार होतं, पण वाकल्यावर सरळ व्हायचं नाव घेईना. एकदा त्यानं मान वर केली तर ओळ बरीच पुढं गेलेली.

सावडीत मागं पडलेल्याला कुणी बोलत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचे आपली पात काढता काढता त्याच्या पातीतलीही मक्याची ताटं कापत जातात. मागच्याला आपली पात अरुंद अरुंद होत गेलेली दिसते, आणि थोड्या वेळानं तो सगळ्यांच्या ओळीत येतो. त्रिंबकनं आजवर हे म्हाताऱ्या कडुबासाठी केलं होतं. दिवस भरलेल्या बायांसाठी केलं होतं. आता पुढं बघितलं तर एका अंगानं फकिरा आणि दुसऱ्या अंगानं खुद्द कडुबा त्याची पात कापत चालले होते. दोघंही गप्पा मारत होते, दुसऱ्याच कशाच्या तरी.

फेडायला आलेल्या दिवसातले असे कितीतरी तास त्याच्या अंगावर नव्यानं चढत होते, आणि त्याला ते थांबवताही येत नव्हते. आपण दिवसभर राबलो म्हणून सांगायचं तोंड त्याला उरलं नव्हतं.

दुपारी लिंबाखाली सगळे हातावर भाकरी घेऊन बसले. रत्नमालेनं त्रिंबकसाठी पोत्याची घडी टाकली आणि स्टीलचं ताट मांडलं. ताटात वेगळी वाटी, वाटीत अंड्याचा रस्सा. "वैनी, हे कशाला?" तो म्हणाला. ती म्हणाली, रोज थोडंच येणं होतं भाऊजींचं. तिनं ते मायेनंच केलं होतं. त्रिंबकनं ताट पुढं ओढलं आणि खाली मान घालून जेवला.

उन्हं कलल्यावर बद्रीनाथ त्याला स्टँडपर्यंत सोडायला निघाला. दोघं लहानपणापासून या वाटेनं चालत आलेले, त्यामुळं न बोलता चालण्याचं त्यांना काही नव्हतं. पण आज न बोलणं जड जात होतं. त्रिंबकनंच रोजदाराचा विषय काढला. चुकलं म्हणाला.

बद्रीनाथ म्हणाला, "माणूस बरा होता. काम करणारा होता."

थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "पैशाचं काय नाय रे त्रिंबका. पर त्यो आला, आन् मला कळंना, मी एवढे दिवस कुणाच्यात राबलो. दोस्ताच्या वावरात का मालकाच्या?"

त्रिंबक थांबला. एसटी फाट्याशी वळताना दिसत होती. त्याला लई काही सांगायचं होतं. मशीनचं, धापेचं, भरलेल्या पिशवीचं. पण ते सगळं बद्रीनाथाला ठाऊकच होतं, आणि ठाऊक असूनही त्याचा मका भिजला होता.

"औंदा माझ्यात गहू तूच पेर," त्रिंबक म्हणाला. "बटईनं कर."

बोलून झाल्यावर तो बद्रीनाथाच्या तोंडाकडं बघत राहिला. बद्रीनाथ चिडेल, शिवी घालेल, बटई बिटई काय नाय, तू सावडीतला माणूस आहेस म्हणेल, असं त्याला वाटत होतं. त्यासाठीच थोडंसं त्यानं ते म्हटलं होतं.

बद्रीनाथानं रस्त्याकडं बघितलं. "बरं," तो म्हणाला. "निम्मा वाटा घरपोच आणून देत जाईन. त्याची काळजी नको करू."

त्यानं मनावरचं एक ओझं उतरवल्यासारखा श्वास सोडला. ते त्यालाही कळलं नसावं. मग त्यानं त्रिंबकला एसटीत चढवलं, कणसांची पिशवी खिडकीतून आत दिली आणि एसटी हलेपर्यंत हात वर करून उभा राहिला.

त्रिंबक खोलीवर पोचला तेव्हा सारजाबाई जागीच होती. दिवसभर ती मनानं वावरातच असणार, कारण पायातली वहाण काढायच्या आत तिनं विचारायला सुरुवात केली. कोण कोण आलं होतं, कडुबाचा खोकला कसा आहे, रत्नमालेनं कालवण काय केलं होतं, मका कितपत भिजलाय. त्रिंबक सगळं सांगत गेला. तिला हसू यावं म्हणून फकिराची खुर्ची सांगितली, आणि ती हसली. पातीचं सांगितलं नाही. ताटाचंही सांगितलं नाही.

प्रांजलीनं त्याच्या हाताला हळद लावली. कणसं भाजायला घेतली. खोलीभर वास सुटला.

"मंग," सारजाबाई म्हणाली, "पुढची बारी कुणाच्यात ठरली?"

"कळवतो म्हणला बद्रीनाथ," त्रिंबक म्हणाला.

सारजाबाईची अर्धी हयात सावडीत गेली होती. सावडीत कुणी कुणाला कळवत नाही. संध्याकाळी विळे पुसता पुसता उद्याचं वावर ठरतं, तेव्हाच, उभ्या उभ्या, आणि जो सावडीतला असतो त्याला ते ऐकूनच घरी जायचं असतं.

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं प्रांजलीला सांगितलं की बाई, अप्पांना आधी जेवायला वाढ, सकाळी ड्यूटी आहे त्यांची.