धुतलेला पाय

"तिले कायले नेता आत? बसू द्या इथीच. चपलांजवळ कोणी तरी पायजेच."

मामी माझ्यासमोरच मामांना सांगत होती. वैनगंगेच्या काठी महाशिवरात्रीची जत्रा होती, चंद्रपूरहून आम्ही एस.टी.ने आलो होतो. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून माझ्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या आहेत आणि त्यांना जोडलेला चामडी बूट. बूट काढला की मला उभं राहता येत नाही. बूट घालून देवळात जाता येत नाही. म्हणून दरवर्षी मी बाहेरच. इंग्रजी शाळेत हसून 'इट्स ऑल राइट' म्हणायला शिकले होते, तेच म्हणायचे. मनात मात्र महादेवाला विचारायचे, तुलाही मी नको आहे का?

"देवाच्या दारात बसाले भेटते, हेच लय झालं," जाता जाता मामी म्हणाली.

शेजारी एक अनोळखी म्हातारी गडव्यातून आणलेल्या नदीच्या पाण्यानं पाय धूत होती. "काऊन वो पोरी, तू नाई येत?"

मी बुटाकडे बोट दाखवलं. "हा काढता येत नाही."

"नको काढू नं मंग. धू."

आणि गडव्यातलं पाणी तिनं माझ्या बुटावर ओतलं. टाचेचा चिखल चोळून काढला, पट्ट्यांवरून ओला हात फिरवला, शेवटी पदरानं पुसलं. तिनं स्वतःचे पाय धुतले होते, अगदी तसंच. "चाल, रांग वाढून राह्यली," म्हणाली आणि मागे न बघता गर्दीत शिरली.

ती कोण, कुठली, मी विचारलंच नाही. महादेवाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या हातून आलं, असं मी आजही कृतज्ञतेनं मानते. देवाला शरण जाणं म्हणजे लोक सांगतील तिथे गप्प बसणं, असं मला तोवर वाटत असे. पण त्याच्या पायाशी डोकं टेकवायचं तर आधी तिथवर पोचायला हवं.

मामांच्या, मामीच्या, सगळ्यांच्या चपला तशाच सोडून मी उठले. दारातला स्वयंसेवक आडवा आला. "ओ बाई, चामडं हाय ते! मांगं व्हा."

मागचे लोक पाहू लागले. माझे कान तापले. ते 'इट्स ऑल राइट'वालं हसू ओठांवर येत होतं. मी येऊ दिलं नाही.

"भाऊ, हा माझा पाय आहे. धुऊन आले आहे. सरका."