रिकाम्या टेबलाचे दिवस

सुहासचा फोन मी अजून बंद केलेला नाही. रोज चार्जिंगला लावते. का, ते विचारू नका. त्या दिवशी सकाळी कुकर लावत असताना तो वाजला. हात पुसत धावले, कानाला लावला, तर पलीकडून नितीन सुरूच झाला होता, "अरे, आली तारीख! बोललो होतो ना तुला, याच महिन्यात! आता बोल!" नितीन हा सुहासचा कॉलेजपासूनचा दोस्त, राहतो मुलुंडला, आणि दोघांना एकच वेड... ज्या कंपनीचा कॉम्प्युटर वापरायचे तिचा पुढचा प्रोसेसर कधी येणार आणि कसा असणार. (कंपनीचं नाव लिहीत नाही. तिची फुकटची जाहिरात आमच्या घरात पुष्कळ झाली.) मी म्हटलं, "नितीन, मी बोलतेय." स्मशानात माझ्या लेकीशेजारी तोच उभा होता, तेराव्याला पंगतीत तोच वाढत होता, सुहास गेला हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण बातमी वाचली आणि बोटांनी आपोआप नंबर लावला. "वहिनी, सॉरी... माझ्या डोक्यातच आलं नाही..." म्हणत तो रडायला लागला. आणि माझं बघा, मी काय बोलून गेले? "थांब, त्याला सांगते." मग फोन तसाच धरून आम्ही दोघं रडलो. शिट्ट्या किती झाल्या कोण जाणे, डाळीचा पार गाळ झाला होता.

सुहासचं काम तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. टॉवर उभा राहायच्या आधी बिल्डरच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर एक फिल्म दाखवतात ना... दार उघडतं, हॉलमध्ये ऊन येतं, एक गोड मुलगी सोफ्यावर उडी मारते, आणि नवरा-बायको बाल्कनीत चहा पीत बसतात... त्या फिल्मा तो घरी बसून बनवायचा. न बांधलेल्या घरांमध्ये तो दिवसभर हिंडायचा आणि राहायचा मात्र बोरिवलीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये. हॉलच्या कोपऱ्यात त्याचं टेबल, भिंतीला लावलेलं. तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. माझ्या संसारातलं निम्मं बोलणं मी त्या पाठीशी केलंय. शर्टाची कॉलर आतून झिजलेली, डावा खांदा जरासा उतरलेला, डोकं मागून विरळ होत चाललेलं... चेहऱ्यापेक्षा ती पाठच मला जास्त ओळखीची होती. "मेल्या, ताट निवतंय!" असं मी ओरडायचे, आणि पाठ म्हणायची, "दोन मिनिटं गं." आता तो 'मेल्या' शब्द तोंडात येतो आणि मी जीभ चावते.

त्या फिल्मांमधला एकेक तुकडा तयार व्हायला तासन्‌तास लागायचे. कॉम्प्युटर तापायचा, आतला पंखा घुंघुं करत राहायचा आणि सुहास कपाळाला हात लावून बसायचा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हे त्याने मला लग्नानंतर लगेचच समजावलं होतं, आणि याचा मेंदू थकलाय, आता नवीन पिढी येऊ दे, हे तेव्हापासून ऐकत आले. बरं, त्या येणाऱ्या पिढीची चौकशी तरी किती! कुठल्या तरी परदेशी कारखान्यातून कुणीतरी चोरून काढलेला धुरकट फोटो यायचा, त्यात एक काळा चौकोन दिसायचा, आणि त्यावर हा आणि नितीन फोनवर तासभर बोलायचे. कोअर किती असतील, नॅनोमीटर किती, तापेल का, बॅटरी किती खाईल, की नुसतंच नाव मोठं... मी एकदा म्हटलं, "मला बघायला आलास तेव्हा माझी एवढी चौकशी केली नव्हतीस रे. ठाण्याची आहे, बीकॉम झालीये, बस, संपलं." तो खुर्चीसकट वळला आणि म्हणाला, "तुझ्याबद्दल काही लीकच झालं नव्हतं ना!" असा हसायचा, की राग धरणं मुश्कील व्हायचं.

प्रत्येक पिढीबरोबर एक वचन यायचं. "हा येऊ दे, मंजू. अर्ध्या वेळात काम उरकेल. दिवेलागणीला मशीन बंद. मग आपण बोटीतून गोराईला जाऊ, नुसते बसून राहू." मला ते सुरुवातीला खरं वाटायचं. नवीन मशीन यायचं आणि खरंच भराभर चालायचं, त्यात खोटं काही नव्हतं. पण काम लवकर उरकलं, की बिल्डर दुसरं द्यायचे. एका फ्लॅटच्या जागी तीन फ्लॅट, मग गच्चीवरचा स्विमिंग पूल, मग पूलमध्ये हलणारं पाणी. वर्षभरात तो नवा मेंदूही थकायचा, पंखा पुन्हा घुंघुं करायला लागायचा आणि मुलुंडहून फोन यायचा की पुढचा येतोय. वाचलेला वेळ कुठे जायचा देव जाणे. आमच्या घरात तरी तो कधी आला नाही.

आता या सगळ्यात माझं काय होतं ते सांगते. सुहासचा एक नियम होता. नवीन आला की जुन्याचा भाव पडतो, म्हणून नवीन यायच्या आधीच जुना विकून टाकायचा. सगळं काम एका डिस्कवर उतरवून ठेवायचा, मशीन पुसून लख्ख करायचा, कुणीतरी येऊन ते घेऊन जायचं... आणि नवीन बाजारात येईपर्यंत टेबल रिकामं! बिल्डरांना सांगायचा, सुट्टीवर आहे. त्या दिवशी तो टेबल भिंतीपासून ओढून हॉलच्या मधोमध आणायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, आणि आमच्या घरात डायनिंग टेबल अवतरायचं. एरवी आम्ही सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवायचो, तो तर कीबोर्ड सरकवून तिथेच. त्या दिवसांत मात्र समोरासमोर. तो चाकाच्या खुर्चीत, मी प्लॅस्टिकच्या. मटार सोलायला बसायचा आणि निम्मे खायचा. मासे आणायला स्वतः जायचा. मार्केटात गोराईहून येणारी एक कोळीण आहे, तिला मी मावशी म्हणते. याला पिशवी घेऊन येताना पाहिलं की ती लांबूनच ओरडायची, "काय भाऊ, विकला वाटतं कम्पुटर?" सगळ्या बाजाराला कळायचं. आणि गोराईलाही आम्ही गेलो ते त्याच दिवसांत, बोटीतून, उन्हातान्हात, दोन वेड्यांसारखे.

तर माझं असं होतं, की सगळं जग नव्या प्रोसेसरचा लाँच लवकर व्हावा म्हणून डोळे लावून बसायचं आणि मी तो पुढे जावा म्हणून. कारखान्यात काहीतरी अडलंय, उशीर होणार, अशी अफवा आली, की हा तोंड पाडून बसायचा आणि मी आत जाऊन शिरा करायचे.

या खेपेला त्याने गणपतीनंतर मशीन विकलं. दिवाळीच्या आत येणार अशी खात्री होती, नितीनने तर पैज लावली होती. मग बातमी आली, पुढे गेलं. किती पुढे, माहीत नाही. सुहासची वाट लागली. दिवसातून दहादा फोन बघायचा, त्याला काही सुचेना. मी मात्र नाक्यावरच्या गणपतीला जाऊन हात जोडले, म्हटलं, अजून थोडं पुढे जाऊ दे, नारळ देते. घरी येऊन त्याला सांगितलंसुद्धा. तो बघतच राहिला. मग पोट धरून हसला. "अगं, लोकांच्या बायका नवऱ्याच्या कामात यश मागतात! आणि काय गं, लाँच खरंच अजून पुढे गेला तर? तुझा वशिला फार वरचा निघेल." दोनच दिवसांत बातमी आली, की आता थेट नवीन वर्षात. त्याने मला कोपरापासून हात जोडले.

त्या आठवड्यात आम्ही गोराईला गेलो. जेट्टीवर बोटीची वाट बघत उभे होतो, खाडीला ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता. तो आपला सांगत होता, पुढची पिढी अशी असेल, तशी असेल. मी म्हटलं, "सुहास, खरं सांग, तो आल्यावर तुला एवढा आनंद होतो का रे? मला तर चार दिवसांत तू पुन्हा रडताना दिसतोस." त्याने विचार केला. मग म्हणाला, "नाही होत. येणार असतो ना, तेव्हाच मजा असते." मी लगेच म्हटलं, "कळलं. मी आले ना एकदाची घरात, म्हणून माझ्याकडे पाठ." मी नेहमीसारखी टोमणा मारायला बोलले होते. पण तो हसला नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "हा शेवटचा, मंजू. यानंतर नाही बदलणार." मी म्हटलं, "बघू." दर वेळी मी एवढंच म्हणायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी, त्याच टेबलावर. मी पोहे दिले होते. तो लिंबू पिळत होता आणि सांगत होता की नितीनला कुठूनतरी नवीन आकडे मिळालेत. मध्येच थांबला. म्हणाला, "जरा कसंतरीच होतंय गं." मला वाटलं, पित्त. चेहरा बघता बघता उतरला, घाम फुटला, लिंबाची फोड हातातून ताटात पडली... शेजारचे धावले, रिक्षात घातला, हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, कुठेही असते तरी हेच झालं असतं. असेल. एवढंच सांगते, की त्या वेळी माझ्यासमोर पाठ नव्हती, चेहरा होता. हे बरं झालं म्हणू की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. डोळे मिटले की तोच चेहरा दिसतो, आणि मी इतकी वर्षं पाहिलेली पाठ आठवायला जाते तर ती नीट आठवतच नाही. आणि तो नारळ मी दिलेला नाही. देणारही नाही.

लोक म्हणतात, दिवस जातील तसं हलकं होईल. कसलं हलकं? जड होतंय. माणसं गेली की मागे त्यांच्या वस्तू राहतात. याची खरी अशी एकच वस्तू होती आणि ती त्याने स्वतःच्या हाताने पुसून विकून टाकली. डिस्क आहे, कपाटात ठेवलीये. तिच्यावर कोणाकोणाचे फ्लॅट आहेत, पूल आहेत, सोफ्यावर उडी मारणाऱ्या मुली आहेत. आमचं घर त्याने कधी केलं नाही. ईशा, आमची लेक, पुण्याहून येऊन राहिली होती. जाताना म्हणाली, "आई, टेबल तरी भिंतीला लावूया, येता-जाता लागतं तुला." खरंच लागतं, मांडीवर काळानिळा डाग पडलाय. मी म्हटलं, राहू दे. तिने हट्ट केला नाही.

मध्यंतरी मार्केटात गेले होते. मासे घ्यायचे नव्हते, कोथिंबीर आणायला गेले होते, पण मावशीने पाहिलंच. तिला कुठून कळणार? म्हणाली, "भाऊ नाय आले? म्हंजी आला वाटतं नवीन कम्पुटर!" मी तोंड उघडलं, खरं सांगायला. आणि म्हणाले, "हो, आला." तिने हसून मान हलवली, "मग आता काय दिसत नाय ते," आणि न मागताच दोन बोंबील घातले पिशवीत. मी ते घेऊन घरी आले. वाटेत मला चक्क बरं वाटत होतं. तो घरी आहे, कामाला बसलाय, पाठ करून, घुंघुं चाललंय... जिना चढेपर्यंत टिकलं ते.

लाँच झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याच फोनवर पाहिला. एक हसरा माणूस स्टेजवर इकडून तिकडे चालत होता आणि मागच्या पडद्यावर तो काळा चौकोन. सुहास बोलला होता तसंच बरंचसं निघालं, निदान मला समजलं तेवढं तरी. एका ठिकाणी तर मी मान वर करून टेबलाकडे पाहिलं. बघ, जिंकलास, असं सांगायला.

परवा नितीन आला होता. चहा दिला, इकडचं तिकडचं झालं. मग मी त्याला म्हटलं, "नितीन, तो नवीन आलाय ना, तो मला घ्यायचाय." तो चमकला. "तुम्हाला? कशाला वहिनी?" मी म्हटलं, "टेबलावर ठेवायला. चालू नाही करणार. अरे, हे टेबल रिकामं असलं की माझ्या मनाला वाटतं, तो घरातच आहे. आत्ता बाथरूममधून येईल, मटार सोलायला बसेल. इतक्या वर्षांची सवय आहे, त्याला मी काय करू? टेबल भरलं की वाट बघणं तरी थांबेल." नितीन चष्मा काढून पुसत बसला. बराच वेळ पुसला. मग मान खालीच ठेवून म्हणाला, "आत्ता नका घेऊ, वहिनी. ह्याच्यात तापायचा प्रॉब्लेम आहे म्हणतात. पुढचा येतोय ना, तो एकदम झकास असणार आहे. थोडं थांबा." बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यभर त्याने आणि सुहासने एकमेकांना हेच सांगितलं होतं.

"बरं," मी म्हटलं, "थांबते."

तो गेल्यावर मी ताट वाढून घेतलं. टेबल हॉलच्या मधोमध तसंच आहे, दोन्ही खुर्च्या समोरासमोर. मी सोफ्यावर बसले, ताट मांडीवर घेतलं, आणि टेबलाकडे पाठ करून जेवले.