अकरा माणसं, सगळीच हेड

मी मुळात कमी बोलणारा. गिरणीच्या सांचेखात्यात जन्म गेला. तिथे चारशे सांच्यांचा, म्हणजे मागांचा, असा खडखडाट की ओरडून घसा फुटला तरी शेजाऱ्याला ऐकू जायचं नाही. समोरच्याचे ओठ बघून समजून घ्यायची सवय लागली. बोलणारे बोलून मोकळे होतात आणि विसरून जातात. किस्से साठतात ते ऐकणाऱ्याकडे. माझ्याकडे असे पुष्कळ साठले आहेत, आणि बरेचसे एकाच इंग्रजी शब्दाचे आहेत. तो शब्द म्हणजे ‘हेड’.

लालबागला आमच्या गावची एक खोली होती. एका खोलीत अकरा माणसं, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपायची. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरणीत, चाळीत, मोर्चात ज्याला त्याला हेड व्हायचं होतं.

*

खोलीचे हेड अण्णा, वयाने साठीचे. कोपऱ्यात आमच्या ट्रंका एकावर एक रचलेल्या असत. रिवाज असा की वयाने मोठा त्याची ट्रंक सगळ्यात वर, आणि हेडच्या ट्रंकेला दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्यामुळे साधं धोतर काढायचं तरी अण्णांना स्टुलावर चढावं लागे.

एकदा ते घसरले, पाय मुरगळला. मी हळूच म्हटलं, अण्णा, तुमची ट्रंक खाली घेऊ या का? आडवे पडल्या पडल्या ते म्हणाले, “आणि तुमच्या दहा ट्रंका माझ्या डोक्यावर?”

पाय बरा होईपर्यंत दोन महिने त्यांनी एकाच धोतरावर काढले. रोज धुवायचे आणि वाळेपर्यंत माझी चादर गुंडाळून बसायचे. ट्रंक मात्र वरच राहिली.

*

आमची पत्रं लिहून द्यायचे विजयकर भाऊसाहेब. गिरगावातलं जुनं घराणं, गिरणीच्या टाइमकीपरच्या ऑफिसात कारकून. दोन कारकून होते, त्यातला एक रिटायर झाला. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांच्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी आली, ‘हेड क्लार्क’.

आमच्या खोलीतल्या तातू परबाने विचारलं, “भाऊसाहेब, पण तुमच्या हाताखाली कोण?”

“पंखा,” ते म्हणाले. “आणि तोसुद्धा सांगितल्याशिवाय फिरत नाही.”

शिकलेला माणूस, आम्हाला इंग्रजी शिकवायची फार हौस. एकदा म्हणाले, इंग्रजीत वरच्या माणसाला शब्द बघा किती. हेड, चीफ, सीनियर, सुपीरियर. मी विचारलं, आणि खालच्याला? त्यांनी थोडा विचार केला.

“खालच्याला एकच. ‘ए, यू’.”

*

आमच्या खात्याचा हेड जॉबर रघोबा. जॉबर म्हणजे कुणाला काम द्यायचं, कुणाला सकाळी फाटकावरून परत पाठवायचं, हे ठरवणारा माणूस. हेड जॉबर त्याच्याही वर. आम्ही दिवसभर उभे, त्याला एकट्याला बसायला उंच स्टूल.

रघोबा सहा फूट. वीव्हिंग मास्तर, म्हणजे आमच्या विणकाम खात्याचा साहेब, मात्र जेमतेम पाच. साहेबापेक्षा वर दिसणं बरं नाही म्हणून साहेब आला की रघोबा स्टुलावरून उतरायचा. तरी तो उंचच! मग गुडघ्यात वाकून साहेबाच्या बाजूने चालायचा, अख्खं खातं फिरून होईपर्यंत. आम्ही सांच्याआड तोंडं लपवून हसायचो.

पुढे त्याचे गुडघे गेले. राजीनामा घेऊन गेला तेव्हा साहेब बुचकळ्यात पडला. तू तर दिवसभर बसलेला असतोस, मग गुडघे कसे दुखतात?

रघोबा म्हणाला, “साहेब, तुम्ही रोज तीनदा येता ना.”

अशी हेड जॉबरची जागा रिकामी झाली.

*

चाळीतून एकदा प्रभातफेरी काढायची ठरली. पुढे कोण राहणार यावरून वाद. शेवटी अण्णांनी निकाल दिला की सगळ्यांनीच पुढे राहावं. मग अकराच्या अकरा एका ओळीत, हातात हात. ओळ एवढी रुंद की गल्लीच्या तोंडाशी अडकली. मागे कुणीच नाही.

घोषणाही सगळेच द्यायचे. एकाने दिली की बाकीच्यांनी ‘झालाच पाहिजे’ म्हणायचं असतं, ते म्हणायला माणूसच उरेना. शेवटी आमच्या खाणावळीच्या मावशी हातातली पळी घेऊन बाहेर आल्या आणि ओळीच्या मागे उभ्या राहिल्या.

“तुम्ही व्हा हेड,” त्या म्हणाल्या, “झालाच पाहिजे मी म्हणते.”

परळपर्यंत त्या बाईने एकटीने फेरी सांभाळली. त्या दिवशी भाजी करपली, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

*

आता तातूचं सांगतो.

तातू परब माझ्या बाजूच्या सांच्यावर. वीस वर्षं काम, सगळ्या खात्याचं त्याच्यावर प्रेम. रघोबाच्या जागी तोच येणार असं जो तो म्हणे. आईबाप नव्हते, एक धाकटी बहीण गावाला, शेवंती. दोन स्थळं मोडून गेलेली. तिसरं चांगलं आलं, तेव्हा तातूने भाऊसाहेबांकडून पत्र लिहून घेतलं. भाऊसाहेबांनी ‘मुलीचा भाऊ गिरणीत हेड जॉबर’ असं ठोकून दिलं. तातू कचरला, तर म्हणाले, अरे, चार दिवसांत होशीलच.

चार दिवसांचे चार महिने झाले. साहेब जागा भरेना. आणि मुलाचे वडील बापू एक दिवस खोलीच्या दारात उभे. मुलीच्या भावाची गिरणी बघायला आले होते.

तातूने त्यांना शिवडीचं बंदर दाखवलं, हिंदमातेची लुगड्यांची दुकानं दाखवली. गिरणीचं नाव काढलं की याला खोकला यायचा. आम्ही सगळे खोटं सांभाळत होतो. जेवताना पहिलं ताट तातूला, अण्णासुद्धा त्याला ‘हेड’ म्हणून हाक मारायचे.

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ जाहीर झाला. सकाळी आम्ही खात्यातले चाळीसजण फाटकावर गेलो. आत जायचं नाही असं ठरलं होतं, पण खरं सांगायचं तर निम्मे डळमळीत होते. खाडा पडेल, कायमचं घरी बसवतील, अशी भीती होती. बापू पाठोपाठ आलेच.

साहेब स्वतः फाटकात आला. तातूला बोलावून सगळ्यांसमोर म्हणाला, “परब, जागा रिकामी आहे. आजपासून तू हेड जॉबर. फक्त तुझी माणसं आत घेऊन ये.”

बापू दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पत्र खोटं होतं हे त्यांना त्याच घटकेला कळलं. आणि तातूने मान हलवली असती तर त्याच घटकेला ते खरं झालं असतं. तातूने एकदा बापूंकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. मी त्याचा हात धरला.

मग त्याने विचारलं, “साहेब, झालो मी हेड?”

“झालास.”

“म्हणजे ही चाळीस माणसं आता माझं ऐकणार?”

“ऐकायलाच पाहिजे.”

तातू आमच्याकडे वळला. आवाज अगदी साधा, पाणी मागावं तसा.

“चला रे, घरी.”

डळमळीत होते तेसुद्धा वळले. चाळीसच्या चाळीस. मागून साहेब काहीतरी ओरडत होता, ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

बापू चाळीपर्यंत आमच्या मागोमाग आले. जिन्याच्या पायरीवर बसले, वहाणा काढल्या. तातू समोर उभा, हात जोडलेले. बापू, ते पत्रातलं, असं काहीतरी तो पुटपुटायला लागला.

बापूंनी त्याला हाताने थांबवलं.

“पत्रात तुमी कमीच लिवलास,” ते म्हणाले. “बसा हंय. तारीख काढूया.”