बारा फुटी खोली

सत्यशीला मेश्राम रस्त्यानं चालताना दुकानं बघत नाहीत, वर बघतात. विजेची तार किती लोंबतेय, कुठली फांदी आडवी आलीय, कोणी नवा फलक टांगलाय का. कसबा पेठेत भाचीकडे बारशाला गेल्या, तर पाळण्याजवळ जायच्या आधी त्यांनी जिना आणि दाराची चौकट न्याहाळली आणि विचारलं, "हे कपाट तुम्ही आत आणलं कसं?"

लग्न करून भंडाऱ्याहून पुण्यात आल्या, मांजरीच्या एका कारखान्यात टायपिंगला लागल्या, आणि होता होता तिथल्या तयार मालाची रवानगी त्यांच्याकडे आली. माल म्हणजे अख्ख्या खोल्या. पत्र्याच्या भिंती, खिडक्या, वायरिंग सगळं बसवून तयार. खोली ट्रकवर चढवायची आणि हवी तिथे नेऊन ठेवायची. खोली मोठी की रस्ता मोठा, हे बघितल्याशिवाय त्या कारखान्यात एक पत्रा कापू देत नसत. लेकीच्या लग्नासाठी रजेवर गेल्या, तेवढ्यात घोटाळा झाला.

परत आल्या तर शेडमध्ये एक पांढरी धिप्पाड खोली उभी. शेजारी प्रज्ञेश. हा विक्री विभागातला मुलगा, हुशार, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नसलेला.

"केनियातल्या दवाखान्याची ऑर्डर आहे, मॅडम."

"रुंदी किती?"

"बारा फूट."

"कंटेनर आतून आठ फूटसुद्धा नसतो, माहीत आहे ना?"

"म्हणून तर तुम्ही आहात."

"दोन भागांत करायची. तिथे नेऊन जोडली असती."

"त्यांना मधे जोड नको आहे, मॅडम."

"उत्तम. मग पोहत पाठवू या."

कंटेनरमध्ये बसत नाही म्हटल्यावर सुटा माल नेणारं जहाज शोधणं आलं. क्रेननं खोली उचलून थेट जहाजाच्या पोटात ठेवायची, असा बेत. एजंट रोज उद्या सांगतो म्हणे आणि उद्या फोन बंद ठेवी. शेवटी केनियातल्या मोंबासा बंदराला जाणारं एक जहाज मिळालं. रुंद मालाची रस्त्यावरची परवानगीही आली. खोली लांब ट्रेलरवर चढली. सत्यशीलाबाई आणि वेल्डर संतोष जीपमधून पुढे निघाले.

ट्रेलर कारखान्याबाहेरच्या वळणावर पोचला आणि थांबला. आदल्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. आज रस्त्यावर भली मोठी कमान उभी. कुठल्याशा साहेबांचा वाढदिवस होता. खाली खुर्ची टाकून कमानीचे मालक हिंमतराव बसले होते.

"तासाभरासाठी काढा हो ही," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"कशी काढणार, ताई? साहेब हिच्याखालनंच यायचे हायेत."

"कधी येणार?"

"आता ते साहेबच हायेत. येतील तवा येतील."

"आमचं जहाज थांबणार नाही."

"जहाज? हितं?" हिंमतरावांनी उसाच्या शेताकडे नजर टाकली. त्यांना खरंच काळजी वाटल्यासारखं दिसलं.

खोलीचं छत कमानीखालून जात होतं. अडत होत्या त्या छताच्या चार कोपऱ्यांवरच्या लोखंडी कड्या. मागे गाड्यांची रांग लागलेली, सगळे भोंगे एकदम वाजत होते. सत्यशीलाबाईंचं डोकं फिरलं.

"संतोष, काप त्या कड्या."

संतोषनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. पण त्या तोंडाकडे बघून कोणी काही बोललं नसतं. त्यानं गॅस कटर लावला आणि ट्रेलर सुटला. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत, हे त्यांना मागाहून कळलं.

मुंबईच्या बंदरात क्रेनवाल्यानं ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "उचलायचं कशाला धरून?"

त्या कड्या क्रेनसाठीच होत्या. त्या कापायला सांगणाऱ्या आपणच, हे सत्यशीलाबाईंना त्या क्षणी लख्ख आठवलं. परत जोडायला संतोष तयार होता, पण बंदरात आगीचं काम परवानगीशिवाय चालत नाही, आणि परवानगी देणारे रजेवर. जहाज त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. किनाऱ्यावर उभं राहून हात हलवावा तसे दोघं उभे होते, फक्त हात कोणी हलवला नाही.

"तू बोलला का नाहीस?" त्यांनी संतोषला विचारलं.

"तुम्ही ऐकलं असतं का, ताई?"

त्यांनी दोन चहा सांगितले.

परवानगी मिळून कड्या पुन्हा बसल्या, तोवर पुढचं जहाज शोधायची वेळ आली होती. कारखान्याच्या मालकांची बोलणी त्यांनी मान खाली घालून ऐकली. प्रज्ञेशवर मात्र रोज आग पाखडली. त्या बारा फुटांच्या हट्टापायी हे सगळं झालं, हे त्या कारखान्यात भेटेल त्याला सांगत. खोली गेली, पोचली, तरी त्यांचा राग काही गेला नाही.

मग एका दुपारी प्रज्ञेश मोबाइल घेऊन आला. दवाखान्यातल्या नर्सनं व्हिडिओ पाठवला होता. दोन माणसं स्ट्रेचरवरून एका गरोदर बाईला आत आणत होती. दारातून सरळ आत, मग तिथल्या तिथे स्ट्रेचर आडवं वळवलं आणि खाटेला लावलं. कुठेही अडकलं नाही, बाईला उचलावंही लागलं नाही.

"जुन्या खोलीत स्ट्रेचर वळायचं नाही," प्रज्ञेश म्हणाला. "बायकांना दारातच उतरवून चालवत न्यायचे. म्हणून बारा फूट. आणि जमिनीला जोड नको, कारण चाकं अडतात."

सत्यशीलाबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही कसं न्यायचं तेवढंच विचारलं. का, ते नाही विचारलं."

"पुढच्या वेळी न विचारता सांगायचं. मी चिडणारच. तरी सांगायचं."

मग चष्मा लावून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "आणि त्या डाव्या खिडकीचं रबर बघ. नीट बसवलेलं नाही. कोणी बसवलंय ते?"