सुनेला शीळ घालणारा

मी पलूसची. सपाट रान, ऊस आणि पाटाचं पाणी एवढंच ठाऊक. लग्न होऊन पाटणच्या वरच्या डोंगरात आले आणि अंगाची हळद उतरायच्या आत ओढ्यावर धुणं घेऊन गेले, तर झाडीतून कुणीतरी शीळ घातली. तीही कशी? लांबलचक, निवांत, बिनकामाच्या पोरासारखी.

माझं डोकंच फिरलं. “कोण हाय रं त्यो मुडदा? म्होरं ये, थोबाड फोडते!” म्हणत मी धोंडा भिरकावला. पुन्हा शीळ! धुणं तिथंच टाकून मी घर गाठलं. “आवं, तुमच्या गावची पोरं लय आगाऊ हायती,” मी सासूबाईंना सांगितलं.

आमचे हे फौजेतून लग्नापुरते सुट्टीवर आलेले. काठी घेऊन तडक निघाले. मागं दीर, मागं सगळी भावकी. सासूबाई तेवढ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. ओढ्यावर पोचलो तर झाडीतून एक निळंकाळं पाखरू उडालं, खडकावर बसलं आणि भावकीदेखत मला शीळ घालून मोकळं झालं. शीळकरी कस्तूर! ह्यांनी काठी पाठीमागं लपवली.

“त्यानं शीळ घातल्याबिगर सून घरची हुईत न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “मलाबी घातलीया.”

पुढं वरच्या घळीतला कस्तूर ऐकू येईना, मग देवराईतला. झाडी तुटली, ओढा लवकर आटायला लागला, घळीच्या तोंडाशी हॉटेलाच्या खोल्या उठल्या. हे रिटायर होऊन आले तेव्हा आमच्या ओढ्यावरचा एकच उरला होता. मग तोही गेला.

यंदा सून आणली, मिरजेची. पोरगी बुजलेली, विचारलं तेवढंच बोलायची. मी हट्टालाच पेटले, हिला शीळ ऐकवायचीच. रोज सकाळी तिला ओढ्यावर न्यायची, माझी फजिती रंगवून सांगायची. पाखराचा पत्ता नाही. शेवटी मुलगाही ओढ्यावर आला आणि त्यानं मोबाईलवर कस्तुराची शीळ लावली. म्हटलं, ऐकून एखादा तरी येईल. आम्ही माना वर करून बसलो आणि मध्येच बनियनची जाहिरात लागली.

मुलगा हसला. मला मात्र रडू फुटलं. घरात लक्ष्मी आली आणि तिला शीळ घालायला गावात कुणी उरलं नाही, ही काय रीत झाली?

सुनेनं माझ्याकडं बघितलं. उठली, ओढणी कमरेला खोचली आणि धोंडा उचलून झाडीत भिरकावला.

“कोण हाय रं त्यो मुडदा? म्होरं ये!”

मग आम्ही तिघंही गप्प उभे राहून ऐकत राहिलो.