अप्पांच्या ट्रकचा आरसा

आमच्या शेजारचे सिद्रामप्पा दर रविवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि ट्रक चालवायचे. खेळातला ट्रक. वय सत्तरीच्या पुढचं, सगळा जन्म चादरींच्या दुकानात गेलेला. मला आधी वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं.

कारण नंतर कळलं. त्यांची मुलगी गौरी कॅनडात. फोनवर बापलेकीचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे सरकत नसे. म्हणून तिनंच हा खेळ घालून दिला. ती तिकडून तिचा ट्रक चालवायची, अप्पा इकडून त्यांचा, एकाच रस्त्यावर, कानाला हेडफोन लावून गप्पा मारत. पण अप्पांचा कॉम्प्युटर दुकानातला जुना. जरा पुढे गेलं की चित्र गोठायचं, आणि सुटेपर्यंत गौरीचा ट्रक गायब. अप्पांचा चेहरा एवढासा व्हायचा. मग मला हाक, कारण मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते.

मी सेटिंग उघडून सावल्या बंद केल्या, झाडं विरळ केली. ट्रकचे आरसेही बंद केले. आरसा म्हणजे बिचाऱ्या मशीनला पुढचं रंगवून झाल्यावर मागचंही रंगवायला लावणं. खेळ सरसर पळू लागला. अप्पा खूश, मी घरी.

पुढच्या रविवारी पुन्हा हाक. बघते तर आरसे चालू, तेही सगळ्यात वरच्या क्वालिटीवर. मी बंद केले. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा चालू. मला काही उमजेना. खेळ काढून नव्यानं टाकला, तरी तेच. ज्यांना साधी फाइल उघडता येत नाही ते अप्पा असलं काही करतील, हे मनातही आलं नाही. ते आपले शेजारी बसून शेंगाचटणी-भाकरी खात होते. शेवटी मी वैतागून म्हटलं, हा आरसा भुताटकीनं चालू होतो की काय.

“मीच केलो, तू करताना बघून,” अप्पा शांतपणे म्हणाले. “गौरी येतीय की मागनं. तिला स्कुटी शिकवलो तवा अक्कलकोट रोडला मी माझ्या गाडीवर पुढं, ती मागं. आरशात बघत बघत शिकवलो. तू पुढचं काय ते काढून टाक. पुढं काय हाय? रस्ताच की.”

मग काय, मी पुढचं सगळं काढलं. गवत, डोंगर, ढग, लांबचं दिसणं. वळण कुठं आणि खांब कुठं, मलाही कळेना. आरसा तेवढा लख्ख. अप्पा मजेत खांबांना धडकत राहिले आणि गौरी कॅनडातून त्यांना रागवत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेले. गौरी आली, आणि जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या खुर्चीत बसून तिनं खेळ उघडला. गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, “ताई, समोर तर काहीच दिसत नाही. अप्पा चालवायचे कसे?”

मी आरशाकडे बोट दाखवलं आणि अप्पांचं म्हणणं तिला सांगितलं. आरशात मागचा रस्ता रिकामा होता, पण अगदी स्वच्छ दिसत होता. ती तिकडेच बघत राहिली, आणि ट्रक खांबावर जाऊन धडकला.